फ्युनेरिएसी कुलातील हरिता : लक्षणे, अधिवास आणि अभ्यासाचा इतिहास (सुलतानपूर–लोणार परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

फ्युनेरिएसी हे हरितांचे एक लहान कुल आहे. या कुलातील फ्युनेरिया ही प्रजाती भारतातील महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात अनेक दशके प्रातिनिधिक नमुना म्हणून शिकविली गेली. प्रस्तुत लेखात या कुलाची लक्षणे, त्याचा अधिवास आणि त्याच्या अभ्यासाची ऐतिहासिक वाटचाल यांचा आढावा घेतला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर परिसर समोर ठेवून दोन प्रश्नांची चर्चा केली आहे. हरितांच्या अभ्यासाचे केंद्र हिमालय व सह्याद्री येथेच का राहिले, हा पहिला प्रश्न. वऱ्हाडच्या पठारावरील अल्पायुषी वनस्पतींची नोंद होण्यापूर्वीच त्यांचे अधिवास नष्ट होण्याचा धोका कोणता, हा दुसरा.

बीजसंज्ञा : हरिता, शेवाळी, फ्युनेरिएसी, अधिवास, वऱ्हाड, लोणार, वनस्पतिशास्त्राचा इतिहास.

१. प्रस्तावना

मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यान वसलेले सुलतानपूर हे दख्खनच्या बेसाल्ट खडकावरील, काळ्या जमिनीचे गाव आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणाऱ्या पावसावर येथील शेती अवलंबून असते. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि बांधावरचे गवतही करपून जाते. अशा प्रदेशात हरितांचा शोध घेणे प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याची शक्यता आहे. हरिता म्हटले की महाबळेश्वरचे धुके किंवा हिमालयातील ओलसर जंगल डोळ्यांपुढे येते. तथापि पावसाळ्याचे दोन-तीन आठवडे उलटले की विहिरीचे कठडे, मातीच्या भिंतींचे पाये, पायवाटांच्या कडा आणि जुन्या मंदिरांची जोती यांवर हिरव्या मखमलीसारखा थर चढतो, हे या भागातील प्रत्येकाने पाहिलेले असते. त्याला सर्वजण ‘शेवाळ’ म्हणतात, त्यावरून पाय घसरतो म्हणून तो खरवडून काढतात आणि विसरून जातात.

या विसरण्यालाही एक इतिहास आहे. कोणत्या वनस्पतीला नाव मिळते, कोणती वनस्पती ग्रंथात जाते आणि कोणती वाटेवरच राहते हे निसर्गाबरोबर मानवी व्यवहारानेही ठरत असते. या दृष्टीने फ्युनेरिएसी कुलाचा इतिहास बोधप्रद आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) फ्युनेरिएसी कुलाची लक्षणे व अधिवास यांचे विवेचन करणे, (आ) या कुलाच्या अभ्यासातील महत्त्वाचे टप्पे नोंदविणे, (इ) महाराष्ट्रातील हरिताविषयक अभ्यासावर प्रशासकीय सीमांचा झालेला परिणाम तपासणे, (ई) सुलतानपूरसारख्या परिसरातील स्थानिक नोंदींचे महत्त्व स्पष्ट करणे. लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. संज्ञेचा प्रश्न

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. डबक्यातील हिरवी साय, दगडावरचा निसरडा लेप आणि भिंतीवरची मऊ हिरवळ या तिन्हींना हा एकच शब्द पुरतो. शास्त्रीय दृष्ट्या मात्र या तीन गोष्टी परस्परांपासून फार दूर आहेत. मराठी विश्वकोशाने पाण्यातील साध्या वनस्पतींसाठी ‘शैवले’, ब्रायोफायटा या विभागासाठी ‘शेवाळी’ आणि त्या विभागातील मॉस या गटासाठी ‘हरिता’ अशी स्वतंत्र संज्ञायोजना केली. यकृताच्या आकाराशी साम्य दाखविणाऱ्या गटास ‘यकृतका’, तर शिंगासारखी बीजुकाशये असलेल्या गटास ‘शृंगका’ असे म्हटले गेले. स्वयंपाकघरातील मसाल्यात पडणारे ‘दगडफूल’ यांपैकी कशातही मोडत नाही. ती शैवल व कवक यांच्या सहजीवनातून झालेली धोंडफुलासारखी वनस्पती, म्हणजे लायकेन होय.

लोकभाषेत सूक्ष्म भेद करण्याचे सामर्थ्य नव्हते असे मात्र नाही. लोणार सरोवराच्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही लोणारच्या वर्णनात काच व साबण यांसाठी लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आढळतो. ज्या क्षारांना बाजारात किंमत होती, ज्यांवर महसूल मिळत होता, त्यांच्या प्रतींना स्वतंत्र नावे मिळाली. भिंतीवरच्या हिरवळीचा कोणालाच उपयोग नव्हता, म्हणून तिला एका सामान्य शब्दावर भागवावे लागले. नामकरण उपयोगाच्या मागोमाग जाते, हे येथे स्पष्ट दिसते.

संज्ञेची ही संदिग्धता केवळ भाषिक नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याचे कारण शैवल असावे अशी चर्चा प्रथम झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांमुळे घडल्याचे आढळले. डोळ्यांना दिसणारा रंग एक असला तरी त्यामागील जीव कोणता हे ठरविल्याशिवाय त्याचे कारण व परिणाम सांगता येत नाहीत, हा धडा गुलाबी पाण्याइतकाच हिरव्या भिंतीलाही लागू पडतो.

४. कुलाच्या अभ्यासाची जागतिक पार्श्वभूमी

कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये आज फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरितेचा समावेश ‘नियम’ या प्रजातीत केला होता. ‘हायग्रोमेट्रिका’ म्हणजे आर्द्रता मोजणारी. हवेतील ओलाव्यानुसार तिचा देठ पिळतो व उलगडतो, या निरीक्षणावरून हे विशेषण आले. लाइपझिग येथील वैद्य योहान हेडविग (१७३०–१७९९) याने हरितांच्या जननेंद्रियांचा व बीजुकाशयाच्या मुखाशी असलेल्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या मृत्यूनंतर १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ स्फॅग्नमचे कुल वगळता सर्व हरितांच्या वैध नामकरणाचा आरंभबिंदू मानला जातो. फ्युनेरिया हे नाव दोरी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून ते पिळदार देठाचेच वर्णन करते. पुढे श्वेग्रिशेन याने १८३० मध्ये या प्रजातीच्या नावावरून फ्युनेरिएसी हे कुल प्रस्थापित केले.

१८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टरने हरिता व नेचे यांच्या जीवनचक्रातील पिढ्यांचे एकांतरण दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्रिट्झ फॉन वेटश्टाइन याने फ्युनेरिया व फिस्कोमिट्रियम यांचा संकर घडवून आनुवंशिकीच्या अभ्यासात या कुलाला स्थान मिळवून दिले. फिस्कोमिट्रियम पेटन्स या जातीची कथा तर विशेष उल्लेखनीय आहे. १९६२ मध्ये एच. एल. के. व्हाइटहाउस यांनी इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यातील ग्रॅन्सडेन वुड येथून या चिमुकल्या हरितेचा नमुना गोळा केला. त्यातील एका बीजुकापासून वाढविलेला वाण जगभरातील प्रयोगशाळांत पोहोचला आणि २००८ मध्ये या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. हरितांमध्ये हा मान प्रथम तिलाच मिळाला. एका गावाजवळच्या ओल्या जमिनीवरून, स्थळ व वर्ष यांची नोंद करून उचललेला नमुना अर्ध्या शतकात जागतिक विज्ञानाचा आधार बनला.

५. कुलाची लक्षणे

फ्युनेरिएसी कुलात सुमारे पंधरा प्रजाती व काही शे जाती समाविष्ट होतात. फ्युनेरिया, फिस्कोमिट्रियम आणि एंटोस्थोडॉन या त्यांतील परिचित प्रजाती होत. या कुलातील वनस्पती बहुधा जमिनीवर वाढणाऱ्या, आखूड खोडाच्या व अल्पायुषी असतात. पाने रुंद, मऊ व पातळ असून खोडाच्या टोकाशी गुच्छाप्रमाणे एकवटलेली असतात. पानातील पेशी मोठ्या, पातळ भित्तींच्या व सैल मांडणीच्या असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांतील हरितकणू स्पष्ट दिसतात. पानाच्या मध्यातून एकच शीर जाते. मुळांऐवजी बारीक तंतुरूप मूलकल्प वनस्पतीला जमिनीशी धरून ठेवतात.

खोडाच्या टोकाशी फलन होऊन बीजुकधारी पिढी निर्माण होते. तिचे आधारपाद, देठ व बीजुकाशय असे तीन भाग असतात. फ्युनेरियाचा देठ लांब, तांबूस व पिळदार असतो. बीजुकाशय पेरूसारखे, एका बाजूस झुकलेले व असममित असते. तरुणपणी त्यावर लांब चोचीची, फुगीर टोपी असते. बीजुकाशयाच्या मुखाशी दातांची दोन वलये असून प्रत्येकात सोळा दात असतात. आतील वलयाचे दात बाहेरील दातांच्या बरोबर समोर येतात. बाहेरचे दात तिरपे वळलेले असून त्यांची टोके मध्यभागी जाळीदार चकतीशी जोडलेली असतात. हवा कोरडी झाली की दातांमधील फटी उघडतात व बीजुके थोडी थोडी बाहेर पडतात. ओलावा वाढताच त्या मिटतात. फिस्कोमिट्रियममध्ये मात्र असे दात नसतात. झाकण गळून पडल्यावर तिचे बीजुकाशय लहानशा पेल्यासारखे दिसते.

फ्युनेरियाच्या बीजुकाशयाच्या बुडाशी पर्णरंध्रे असतात आणि त्यांची रचना असाधारण आहे. उच्च वनस्पतींत दोन रक्षक पेशी छिद्राला वेढतात. येथे दोन केंद्रके असलेली एकच कड्यासारखी पेशी ते काम करते. कोवळे बीजुकाशय हिरवे असते व काही प्रमाणात स्वतःचे अन्न तयार करते. तरीही ते पाणी व क्षार यांसाठी आयुष्यभर गंतुकधारी मातृवनस्पतीवर अवलंबून राहते.

६. अधिवास आणि जगण्याची रीत

कोरड्या प्रदेशात टिकून राहण्याचे हरितांचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पॉटिएसी कुलातील हरिता पहिला मार्ग अवलंबितात. भारताच्या सखल प्रदेशांत विटांच्या व दगडांच्या भिंतींवर आढळणारी हायोफिला इन्व्होल्युटा ही त्यांतील परिचित जाती होय. पाणी आटले की तिची पाने आत वळतात, झुबका तपकिरी पडतो. पाऊस येताच तीच पाने पुन्हा उलगडून हिरवी होतात. ती उन्हाळा सहन करते.

फ्युनेरिएसीचा मार्ग वेगळा आहे. तिची पातळ पाने दीर्घ कोरड सहन करण्यास अनुकूल नाहीत. म्हणून ती उन्हाळा टाळते. ओलावा मिळताच बीजुक रुजते, त्यातून हिरव्या तंतूंचे जाळे म्हणजे प्रोटोनेमा पसरते, त्यावर कळ्या येऊन पानांच्या वनस्पती उभ्या राहतात, पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून पुं-गंतुके पोहत जाऊन फलन होते आणि वनस्पती सुकण्यापूर्वी असंख्य बीजुके वाऱ्यावर सोडली जातात. १९७९ मध्ये हाइन्यो ड्युरिंग यांनी शेवाळींच्या जीवनरीतींचे वर्गीकरण मांडले. त्यात फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका ही ‘पलायनशील’ रीतीचे नमुनेदार उदाहरण ठरली. अशा वनस्पती एका जागी फार काळ राहत नाहीत. मोकळी जमीन मिळेल तेथे झपाट्याने वसतात आणि इतर वनस्पतींची गर्दी झाली की नाहीशा होतात.

या कुलाला ढवळलेली, उघडी पडलेली, पोषक क्षारांनी युक्त जमीन मानवते. जळालेल्या जागा हा तर फ्युनेरियाचा विख्यात अधिवास होय. आगीनंतर राखेतून मिळणारी पोषणद्रव्ये आणि स्पर्धेचा अभाव यांमुळे अशा ठिकाणी तिचे दाट गालिचे तयार होतात. रोपवाटिकेतील कुंड्या, पडक्या भिंतींची माती, चिखलाचे काठ यांवरही या कुलातील हरिता वसतात. जेथे माणूस माती उकरतो, चूल पेटवतो, भिंत बांधतो व पाडतो, तेथे या कुलाला संधी मिळते. रानापेक्षा गावाशी अधिक संबंध असलेल्या या वनस्पती आहेत, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या पार्श्वभूमीवर सुलतानपूर–लोणार परिसराकडे पाहिले असता अधिवासांची विविधता लक्षात येते. शेताचे बांध, विहिरींची उकरलेली माती, पांढरीच्या मातीच्या पडक्या भिंती आणि जळण जाळलेल्या जागा हे अल्पायुषी हरितांना अनुकूल असे अधिवास आहेत. लोणारच्या विवराच्या काठावर धार येथील गोमुखातून गोड्या पाण्याचा अखंड झरा वाहतो. खाली तळाशी मात्र तीव्र अल्कधर्मी व खारे पाणी आहे. हरितांना खारे पाणी सहसा मानवत नाही. समुद्रात तर एकही हरिता वाढत नाही. त्यामुळे काठावरचा गोडा झरा आणि तळाचे क्षारयुक्त पाणी यांच्यामधील सुमारे दीडशे मीटरचा उतार म्हणजे ओलावा व क्षारता यांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच होय. विवर परिसर २००० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

७. भारतीय अभ्यास आणि प्रशासकीय सीमा

भारतीय हरितांचा पहिला व्यापक आढावा विल्यम मिटन यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम भारतात एल. जे. सेजविक या सनदी अधिकाऱ्याचे कार्य महत्त्वाचे आहे. मुंबई इलाख्याच्या १९२१ च्या जनगणनेचे अधीक्षक म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. वनस्पतिशास्त्रात मात्र ते हरितांचे संग्राहक म्हणून ओळखले जातात. त्यांनी व इतरांनी गोळा केलेल्या पश्चिम भारतातील हरितांचा अभ्यास इंग्लंडमधील एच. एन. डिक्सन (१८६१–१९४४) यांनी केला. कारवार भागातील संग्रहावरील त्यांचा लेख १९२१ चा आहे. भारतीय शेवाळीविज्ञानाचे जनक मानले जाणारे शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील ग्रंथ १९२९ व १९३२ मध्ये दोन भागांत सिद्ध केला. पी. ब्रूल यांची भारतीय हरितांची गणना १९३१ मध्ये, आर. एस. चोप्रा यांचा भारतीय हरितांच्या वर्गीकरणावरील ग्रंथ १९७५ मध्ये आणि एच. सी. गांगुली यांचे पूर्व भारतातील हरितांवरील खंड १९६९ ते १९८० या काळात प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवर १९९८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

पश्चिम हिमालय, पूर्व भारत, कारवार, खंडाळा, महाबळेश्वर या नावांकडे पाहता प्रादेशिक ग्रंथांचा कल स्पष्ट होतो. अभ्यासक जेथे पाऊस अधिक तेथे गेले, हे त्याचे एक कारण आहे. परंतु तेच एकमेव कारण मानता येत नाही. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला गेला. तो मुंबई इलाख्याचा भाग कधीच नव्हता. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसंहिता १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली. तिची कक्षा इलाख्याच्या सीमेपुरतीच होती. ब्लॅटर व डी’आल्मेडा यांचे मुंबईतील नेच्यांवरील पुस्तक १९२२ मध्ये आले. सेजविकसारखे अधिकारी आपल्या कामाच्या मुलखातच वनस्पती गोळा करीत. मुंबईचे अधिकारी, तेथील महाविद्यालये व निसर्ग इतिहास मंडळ यांची परंपरा वऱ्हाडच्या सीमेपाशी थांबे. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तोपर्यंत पश्चिम महाराष्ट्राच्या पाठीशी शतकाहून अधिक काळाचा वनस्पतिसंग्रह उभा होता. राज्याची सीमा एका दिवसात बदलता येते. संग्रहालयातील नमुन्यांची उणीव मात्र तशी भरून निघत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतरच्या काळात परिस्थिती सुधारली. शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम मंडळ पुण्यात सुरू झाले. २००० मध्ये या संस्थेने बुलढाणा जिल्ह्याची वनस्पतिसंहिता प्रसिद्ध केली. तथापि जिल्हा वनस्पतिसंहितांची रीत प्रामुख्याने सपुष्प वनस्पतींची नोंद करण्याची आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या वृक्ष, गवते व झुडपे यांना जे स्थान मिळाले ते भिंतीवरच्या हिरवळीला मिळाले नाही.

८. अध्यापन आणि स्थानिक वनस्पती

एन. एस. परिहार, बी. आर. वशिष्ठ यांची पाठ्यपुस्तके आणि पुढे आर. एन. चोप्रा व पी. के. कुमरा यांचा १९८८ चा ग्रंथ यांमुळे फ्युनेरियाची आकृती भारतातील असंख्य विद्यार्थ्यांच्या वहीत पोहोचली. बीजुकाशयाचा उभा छेद काढता न येणारा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी विरळाच. मात्र अध्यापनासाठी वापरला जाणारा नमुना बहुधा बाटलीतील द्रावणात जतन केलेला किंवा काचपट्टीवर कायम केलेला असतो. विद्यार्थ्याला बीजुकाशयाचे सोळा दात पाठ असतात, पण महाविद्यालयाच्या कुंपणभिंतीवर जुलैमध्ये उगवलेली हरिता कोणत्या कुलातील, हे त्याला विचारले जात नाही. अभ्यासक्रमाने एका प्रजातीला प्रतिनिधी मानले आणि प्रतिनिधीच्या ओळखीत उरलेल्या समूहाची ओळख हरवली. हा दोष अध्यापकांच्या परिश्रमांचा नाही; स्थानिक सूची उपलब्ध नसताना अध्यापकानेही कशाचा आधार घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

९. दगडी वास्तू आणि हरिता : एक द्वंद्व

लोणारचे दैत्यसूदन मंदिर, विवराच्या परिसरातील अन्य मंदिरे आणि सिंदखेड राजा येथील पुतळा बारव या वास्तू या भागाचे वैभव होत. दगडावर वाढणाऱ्या हरिता ओलावा धरून ठेवतात, त्यांच्या झुबक्यांत माती साचते आणि पुढे मोठ्या झुडपांची मुळे सांध्यांत शिरण्यास वाट मिळते. कोरीव कामाच्या दृष्टीने हा धोका खरा आहे आणि संवर्धकांनी त्याची दखल घेणे योग्यच आहे. दुसरीकडे, बारवेच्या सावलीतील ओल्या पायऱ्या हा कोरड्या पठारावरील हरितांचा मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. बारवा बुजल्या, मातीच्या भिंतींच्या जागी सिमेंट आले, बांधांवर तणनाशके फवारली गेली की हे आश्रय एकेक करून संपतात.

येथे वास्तू की वनस्पती असा पर्याय मांडणे उचित नाही. कोरीव शिल्पावरील हरिता काढणे आवश्यक असेल तर ती काढलीच पाहिजे. परंतु काढण्यापूर्वी तिचा चिमूटभर नमुना कागदी पाकिटात वाळवून, त्यावर स्थळ, दिनांक व आधार नोंदविणे यास खर्च येत नाही. हरितांचे वाळविलेले नमुने दीर्घकाळ टिकतात आणि पाण्यात भिजविल्यावर त्यांची पाने अभ्यासण्याजोगी उलगडतात. साफसफाई आणि नोंद ही दोन्ही कामे एकाच दिवशी होण्यासारखी आहेत.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. फ्युनेरिएसी कुलाची लक्षणे, म्हणजे पातळ पाने, अल्प आयुष्य व विपुल बीजुके, त्याच्या अधिवासाशी निगडित आहेत. उघडी, ढवळलेली जमीन व अल्पकाळचा ओलावा यांचा लाभ घेणारे हे कुल मानवी वस्तीच्या जवळ राहते.

२. महाराष्ट्रातील हरिताविषयक अभ्यास सह्याद्रीत केंद्रित होण्यामागे पर्जन्यमानाबरोबर वसाहतकालीन प्रशासकीय सीमांचाही वाटा आहे. मुंबई इलाख्याबाहेर राहिलेल्या वऱ्हाडला त्याचा तोटा सोसावा लागला.

३. ‘शेवाळ’ या व्यापक शब्दाने झाकलेल्या भेदांना ‘शैवल’, ‘शेवाळी’ व ‘हरिता’ या संज्ञांनी स्पष्टता येते. अध्यापनात त्यांचा काटेकोर वापर होणे इष्ट आहे.

४. सुलतानपूर–लोणार परिसरात एका पावसाळ्यात महाविद्यालयीन स्तरावर नमुन्यांचा पद्धतशीर संग्रह करणे शक्य आहे. त्यासाठी भिंग, कागदी पाकिटे, साधा सूक्ष्मदर्शक व नियमित नोंदवही एवढीच सामग्री पुरेशी ठरते. जातिनिश्चितीसाठी पुण्यातील संस्थांचे साहाय्य घेता येईल.

फ्युनेरिएसीचे बीजुक मातीत ओलाव्याची वाट पाहू शकते. मात्र ज्या मातीत ते पडले ती मातीच सिमेंटखाली गेली तर त्याची वाट पाहणे व्यर्थ ठरते. ग्रॅन्सडेनच्या ओल्या जमिनीवरील हरितेला १९६२ मध्ये एक नोंद लाभली आणि तिचा पुढील इतिहास घडला. सुलतानपूरच्या बांधावरील हरितेला अशी पहिली नोंद देण्याचे काम तेथून जवळ असलेल्या महाविद्यालयांनाच सर्वांत सुलभ आहे आणि म्हणून ते त्यांचेच उत्तरदायित्व ठरते.